कंबर धरलीय? आधी कुशीवर वळा

तुम्ही हे आडवं पडून, फोन तोंडासमोर धरून वाचताय असं मी गृहीत धरते. कंबर ठणठणीत असलेला माणूस असलं काही वाचायला येत नाही. तेव्हा बाकी सगळं मागाहून. आधी उठायचं कसं ते सांगते.

उताणं पडलेले असाल तर पोटाच्या जोरावर सरळ उठून बसू नका. दोन्ही गुडघे वाकवा, तळपाय गादीला टेकवा. मग खांदे आणि कुल्ले एकाच वेळी, ओंडका लोळवावा तसे, कुशीवर न्या. आता पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने गादी रेटत धड वर आणायचं. पायांचं वजन खाली जाता जाता धड आपसूक उचललं जातं, कमरेला पीळ पडत नाही. श्वास रोखू नका. रोखला की स्नायू आणखी आवळतात. मग पलंगाच्या कडेला थोडं बसा आणि तोल सावरला की उभं राहा. झोपताना हेच उलट्या क्रमाने.

मला हे एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने फोनवरून शिकवलं. कपड्यांची भरलेली बादली उचलली आणि हातात असतानाच बाजूला वळले, एवढंच निमित्त. चमक अशी निघाली की बादली कुठे पडली तेही कळलं नाही. वाकणं, वजन आणि वळणं तिन्ही एका क्षणात घडलं. 1960च्या दशकात आल्फ नाखेमसन या स्वीडिश सर्जनने जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत (डिस्कमध्ये) सुई घालून तिथला दाब मोजला होता. आडवं पडल्यावर दाब सगळ्यांत कमी आणि हातात वजन घेऊन पुढे वाकल्यावर तो कित्येक पट. पण अशा झटक्याने धरलेल्या कंबरेत बहुतेक वेळा काही तुटलेलं किंवा सरकलेलं नसतं. एखादा स्नायू किंवा हाडांना जोडणारा अस्थिबंध ताणला जातो आणि आजूबाजूचे स्नायू त्याच्या राखणीसाठी आखडून बसतात. आपल्याला छळतो तो पुष्कळदा हा आखडलेपणा. इजेच्या मानाने दुखणं फार मोठं वाटतं ते त्यामुळेच.

बहुतेक वेळा, असं म्हटलं. म्हणून मैत्रिणीने उपायांच्या आधी प्रश्न विचारले आणि तेच मी तुम्हाला विचारते. लघवी अडली आहे का, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे का? बैठकीची जागा, मांड्यांमधला भाग बधिर झालाय का? दोन्ही पायांत कमजोरी आहे का? यातलं काहीही असेल तर शेकत बसू नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा. मणक्याच्या खालच्या टोकाला मज्जातंतूंचा जुडगा असतो; तो दाबला गेला तर तासांचा हिशोब असतो. उंचावरून पडून किंवा अपघातात मार लागला असेल, हाडं ठिसूळ असतील, बरेच दिवस स्टेरॉइड घेत असाल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, ताप असेल, वजन कारणाशिवाय उतरत असेल, तरीही घरगुती उपाय आधी नकोत. कुशीतून जांघेकडे उतरणारी, कसंही वळलं तरी न बदलणारी कळ आणि सोबत लघवीला जळजळ असेल तर ते कमरेचं नसून मूत्रखड्याचं असू शकतं. तिने मला भिंत धरून आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर उभं राहायला लावलं. जमलं. पाऊल लुळं पडत असतं तर प्रकरण वेगळं होतं.

आता आरामाबद्दल, कारण घरात पहिला वाद यावरूनच झाला. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘अजिबात हलू नकोस. महिनाभर पडून राहा, नाहीतर जन्माचं दुखणं लागेल.’’ त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या तरुणपणी डॉक्टरही हेच सांगायचे. 1986 मध्ये अमेरिकेत एक चाचणी झाली. निम्म्या रुग्णांना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, निम्म्यांना सात दिवस. बरं होण्यात फरक पडला नाही, दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर परतले. 1995 मध्ये फिनलंडमधल्या चाचणीत तीन गट होते: दोन दिवस अंथरूण, कमरेचे व्यायाम, आणि ‘दुखेल तेवढं सांभाळून नेहमीचं चालू ठेवा’. तिसरा गट सरस ठरला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर 1997 पासून टीव्हीवर जाहिराती करून लोकांना हेच सांगितलं, की पडून राहू नका. तिथे कंबरदुखीसाठीचे नुकसानभरपाईचे दावे घटले. शेजारच्या, जाहिराती नसलेल्या न्यू साउथ वेल्समध्ये तसं झालं नाही.

याचा अर्थ लगेच बादल्या उचला असा नाही. पहिल्या दिवशी मी बराच वेळ आडवीच होते आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. दुखणं टिपेला असताना पडणं हा उपाय आहेच. फक्त तो सलग नको. थोडं पडायचं, उठून खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मारायच्या, पुन्हा पडायचं. खुर्चीत मात्र मला पडण्यापेक्षाही जड जायचं. बसायचं तर थोडाच वेळ, पाठीच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवून, आणि मऊ, खोल सोफ्यावर तर नाहीच. त्यातून उठताना जे होतं ते लिहिण्यासारखं नाही.

बर्फ की शेक? यावर माणसं हिरिरीने भांडतात. बर्फाची प्रतिष्ठा वाढली ती 1978 मध्ये, गेब मर्किन या अमेरिकन क्रीडावैद्याने ‘आराम, बर्फ, दाब, दुखरा भाग उंच’ असं चार कलमांचं सूत्र लिहिलं तेव्हापासून. पुढे त्यानेच मत बदललं आणि बर्फाने भरून येणं लांबू शकतं असं लिहिलं. शिवाय ते सूत्र मुरगळलेल्या घोट्यासारख्या दुखापतींना शोभणारं. कंबर काही उंच करून ठेवता येत नाही आणि तिथले स्नायू बरेच खोल असतात. बर्फाने जागा बधिर होते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत कुणाला तेच हवंसं वाटतं. तसं असेल तर जरूर लावा. कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं, उघड्या कातडीवर नाही. पण कंबरदुखीवर पुरावा पाहिला तर तो शेकाच्या बाजूने आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. त्यांत नव्या कंबरदुखीला आधी औषधांशिवायचे उपाय करा असं म्हटलंय, आणि त्यांत शेक आहे.

मी गरम पाण्याच्या पिशवीवाली. पिशवी अर्धी-पाऊण भरायची, बूच लावण्याआधी दाबून हवा काढायची म्हणजे ती कमरेच्या खोलगटात नीट बसते. वरून टॉवेल. पंधरा-वीस मिनिटं. आणि पिशवीवर किंवा विजेच्या शेकपट्टीवर झोप लागू द्यायची नाही. कमी वाटणारी उष्णताही बराच वेळ लागून राहिली की कातडी भाजते, आणि मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या माणसाला ते कळतही नाही. वेदनाशामक मलम चोळल्यावर त्यावर शेक घेऊ नये, हेही त्यातलंच.

शेकानंतर स्नायू सैल पडतात. ती वेळ पांघरूण ओढून घेण्यात घालवायची नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शेकाने कंबर दुरुस्त होत नाही. अर्धा-पाऊण तास हलणं सुसह्य होतं. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी आंघोळ उरकायचे, फेऱ्या मारायचे, उताणं पडून गुडघे वाकवून ते दोन्ही बाजूंना हळूहळू झुलवायचे. गोळी, मलम, शेक या सगळ्यांकडे मी याच नजरेने बघते. हलता यावं म्हणून घ्यायचे ते उपाय. घेऊन पडून राहिलं तर निम्मा उपयोग वाया.

मालिशबद्दल एवढंच, की हलक्या हाताने सुखावत असेल तर छान. पण पहिल्याच दिवशी कुणी जोर लावून रगडायला, पाठीवर पाय द्यायला किंवा ‘कट्ट’ आवाज काढून द्यायला पुढे आलं तर त्यांना प्रेमाने चहा-पाणी विचारा आणि कमरेपासून लांब ठेवा.

गोळ्यांबाबत मला एका गोष्टीचं आश्चर्य वाटलं. पॅरासिटामॉल घेतली की बरं वाटतं, असा आपला सगळ्यांचा समज. ऑस्ट्रेलियात सोळाशेंहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत नव्या कंबरदुखीला पॅरासिटामॉल आणि नुसती लुटुपुटूची गोळी यांत फरक दिसला नाही. निम्मे लोक बरे व्हायला दोन्हीकडे साधारण अडीच आठवडेच लागले. आयब्युप्रोफेनच्या जातीची औषधं थोडी अधिक उपयोगी पडतात. पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारं औषध, गरोदरपण, यातलं काही असेल तर ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. घ्यायची तर जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत, थोडेच दिवस. मी डॉक्टरांना विचारून सुरुवातीला घेतली, मग गरज वाटली नाही.

रात्रीचं सांगते. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांच्या मध्ये उशी, चांगली जाड. नाहीतर वरचा पाय पुढे घसरतो आणि कमरेला पीळ पडतो. उताणं झोपत असाल तर उशी गुडघ्यांखाली. जमिनीवर किंवा फळीवर झोपा, हा सल्ला मला जितक्या माणसांनी दिला तितक्यांपैकी स्वतः कुणी फळीवर झोपत नव्हतं. जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांवर स्पेनमध्ये केलेल्या, 2003च्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम मिळाला. जमिनीवर झोपलं तर सकाळी तिथून उठायचं असतं, हेही विसरू नका.

आणि सकाळच वाईट. मणक्यांमधल्या गाद्या रात्री पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण सेंटिमीटरभर उंच असतो ते त्यामुळे. त्या वेळी वाकणं गाद्यांवर जास्त ताण आणतं. म्हणून उठल्यावर पहिला तासभर मी खाली वाकायचं काम ठेवलंच नाही. दात घासताना एक हात बेसिनच्या कडेला टेकलेला, तोंड धुताना गुडघे किंचित वाकवलेले. पायमोजे पडल्या पडल्या, गुडघा छातीशी आणून. ते न जमल्यास नवऱ्याकडून, ज्याला टाच कुठे येते हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. शिंक येतेय असं वाटलं की हात भिंतीला किंवा टेबलाला टेकायचा, छाती पुढे ठेवायची आणि वाकायचं नाही. शिंकेसारखा शत्रू नाही. शौचाला कुंथणं हा दुसरा. पाणी आणि चोथ्याचं खाणं वाढवा. कोडीनसारख्या कडक वेदनाशामक गोळ्या मिळाल्या असतील तर बद्धकोष्ठ हमखास होतो, ते आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

पोटावर पालथं पडण्याची मला भीती होती, आणि नेमका त्यानेच मला सगळ्यांत जास्त आराम पडला. मैत्रिणीने यामागची गोष्ट सांगितली. 1956 मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडे कंबर आणि पाय दुखणारा एक रुग्ण यायचा. आठवडे झाले तरी गुण नव्हता. एके दिवशी त्याला आत जाऊन पालथं पडा असं सांगितलं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी उंच केलेली होती, ती तशीच राहिलेली. हा गृहस्थ पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत निमूट पडून राहिला. मॅकेन्झी आले ते घाबरलेच, तर रुग्ण म्हणाला, पायातलं दुखणं गेलं. त्यातून पुढे व्यायामांची पद्धतच उभी राहिली.

करायचं ते सोपं आहे. पालथं पडून दोन-तीन मिनिटं नुसतं श्वास घेत राहायचं. झेपलं तर कोपरांवर टेकून छाती उचलायची, कुल्ले सैल. दुखणं पायातून वर सरकून कमरेच्या मध्यभागी गोळा झालं तर ते चांगलं लक्षण, कमरेत थोडं वाढलं तरी. उलट पोटरीकडे उतरायला लागलं तर थांबा. हा उपाय सगळ्यांना मानवत नाही. काहींना गुडघे छातीशी घेतल्यावरच सुटल्यासारखं वाटतं. तुमची कंबर तुम्हाला एका दिवसात सांगेल.

‘‘एमआरआय काढून टाक’’ हा आग्रह पाय बधिर किंवा कमजोर नसताना मी मानला नाही. 1994च्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांच्या किमान एका मणक्याची गादी फुगलेली निघाली. तसा अहवाल हातात पडला असता तर मी महिनाभर पलंगावरून उतरले नसते. पट्टा बाहेर पडताना थोडा वेळ लावला. धीर येतो, बाकी काही नाही.

चालणं मात्र मी दुखणं सरल्यावरही सोडलेलं नाही. एकदा धरलेली कंबर पुन्हा धरायला फार बघते. ऑस्ट्रेलियातल्या, 2024 मध्ये आलेल्या चाचणीत नुकतंच दुखणं बरं झालेल्या लोकांना हळूहळू वाढवत नेण्याचा चालण्याचा कार्यक्रम आणि फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन दिलं. त्यांच्यापैकी निम्म्यांना दुखणं परत यायला 208 दिवस लागले. काहीच न दिलेल्यांत 112. सुरुवातीला सपाट रस्ता, चपटे बूट, हात मोकळे, आणि परत येण्याची ताकद उरेल इतकंच लांब. दुखणं चालताना थोडं असलं तरी चालेल, रात्री वाढलेलं नको. वाढलं तर दुसऱ्या दिवशी अंतर कमी.

दोन-तीन आठवड्यांत उतार दिसत नसेल, किंवा दुखणं गुडघ्याखाली उतरून तिथेच मुक्काम करत असेल, तर डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. जाताना कधी वाढतं, कधी कमी होतं, कुठवर उतरतं एवढं कागदावर लिहून न्या. तपासणीच्या टेबलावर पडलं की नेमकं तेच आठवत नाही.