कूलरच्या कटकटी आणि त्यांवरचे साधे उपाय

होळी आटोपली की नागपुरातील घराघरांत माळ्यावरचे कूलर उतरवून, धुऊन खिडकीला लावले जातात आणि त्यांच्याबरोबर अंगाची चिकचिक, रोजचे पाणी भरणे, अर्धी कोरडी राहणारी ताटी (पाण्याने भिजवायची गवताची जाळी) अशा कटकटीही घरात शिरतात. २३ मे २०१३ रोजी ज्या शहराने ४७.९ अंश तापमान सोसले, तेथील सामान्य कुटुंबाला कूलरवाचून उन्हाळा काढणे अवघड आहे. म्हणून या कटकटींची कारणे नीट समजून घ्यावीत, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत मोठी तक्रार दमटपणाची असते आणि तिचे मूळ बहुधा यंत्रात नसून बंद खोलीत असते. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते, एवढ्याच तत्त्वावर कूलर चालतो. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या दुपारी हवा या रीतीने तत्त्वतः सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकते. परंतु तीच ओली हवा खोलीत कोंडून राहिली, तर घाम वाळण्यास वाव उरत नाही. एसीच्या सवयीने दारेखिडक्या घट्ट लावणाऱ्यांना हे पटवून देणे कठीण जाते, पण कूलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत ठेवून समोरची खिडकी वीतभर उघडली की फरक लगेच जाणवतो. पहाटे गारठून उठावे लागत असेल, तर पंपापुरता वेगळा टायमर लावावा, कारण पंप थांबल्यावरही भिजलेली ताटी बराच वेळ गार हवा देत राहते.

रात्री बादल्या वाहण्याचा त्रास संडासाच्या टाकीत असतो तसला फ्लोट व्हॉल्व्ह बसवल्यास संपतो. मात्र पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे नुसती भर घालत राहिल्यास टाकीतील पाणी अधिकाधिक जड होते; बोअरचे पाणी वापरणाऱ्यांच्या पंपाची नळी आणि ताटीवरची भोके याच कारणाने बुजतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासावी आणि पंपाभोवती जुन्या सुती कापडाची पिशवी बांधावी, म्हणजे ताटीचा कचराही आत जात नाही. या साफसफाईने डेंग्यूच्या डासांची अंडीही निघून जातात.

एका बाबतीत मात्र घरगुती कल्पकता चालवू नये. कूलरचा विजेचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा, आणि पाणी भरताना किंवा ताटीला हात लावताना प्लग आधी काढावा.