पाणी चढाय लागलंय! : व्हाइट रिव्हरवर अण्णांसोबत

अण्णा अमेरिकेत आले तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न, नायगाऱ्याला नेणार ना? नेलं. रांगेत उभे राहिलो, फोटो काढले, परत आलो. मला लिहायचंय ते आर्कान्सामधल्या व्हाइट रिव्हरबद्दल, आणि खरं तर तिथल्या दहा मिनिटांबद्दल.

आम्ही बेंटनव्हिलला राहतो, तिथून कॉटर गाव अडीच तासांवर. गाव छोटंसं, नदीवर 1930 चा कमानींचा सुंदर पूल, आणि लोक येतात ते ट्राउट माशासाठी. मला फ्लाय फिशिंगचं वेड लागून चार वर्षं झाली. गळाला गांडूळ नाही लावायचं, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा लावायचा. त्याला वजन काहीच नसतं, त्यामुळे फेकायची ती दोरी, किडा तिच्यामागून जातो.

या नदीचं पाणी पावसावर चढत-उतरत नाही, विजेवर चढतं. वर बुल शोल्स धरण आहे, तिथे 8 जनरेटर. ऑगस्टच्या दुपारी घरोघरी एसी सुरू झाले, विजेची मागणी वाढली की एकेक जनरेटर चालू होतो आणि खाली नदी फुगते. सगळे चालले तर 24-25 हजार क्युसेक पाणी येतं. आमच्या पाटण-कराडकडे पावसाळ्यात बातमी असते ना, कोयनेच्या पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक विसर्ग, त्यावरून अंदाज करा.

पहिल्या दिवशी सकाळी जनरेटर बंद होते. वाइल्डकॅट शोल्सला पोचलो तेव्हा नदीवर धुकं, कारण धरणाच्या तळातून येणारं पाणी जेमतेम 10 डिग्री आणि वर हवा तापलेली. अण्णांना काठावर खुर्ची टाकून दिली, चहाचा थर्मास दिला आणि मी वेडर्स, म्हणजे पाणी आत न येणारी बुटासकटची विजार, चढवून कमरेएवढ्या पाण्यात शिरलो. धरणातून पाणी सोडायच्या वेळापत्रकात दुपारी दोननंतर पाणी दिसत होतं, ते बदलू शकतं असं तिथेच लिहिलेलं असतं, पण मी दोन म्हणजे दोन धरून चाललो होतो. दोन छोटे रेनबो ट्राउट मिळाले, सोडून दिले. मग समोरच्या खडकामागे एक मोठी सावली हलताना दिसली आणि पुढचा तासभर मला दुसरं काही दिसलंच नाही.

साडेअकराच्या सुमारास मागून आवाज आला, "ए, भाईर ये! पाणी चढाय लागलंय!"

मी वळून न बघताच म्हणालो, "अण्णा, अजून वेळ आहे."

"येळ-बिळ काय न्हाई, भाईर ये म्हणतो न्हवं!"

हा आवाज मी लहानपणी ऐकलाय, नदीवर पोहताना. पाय आपोआप वळले. तेव्हा कळलं की येताना घोट्याएवढी असलेली मधली खाच आता मांडीला लागत होती, आणि ओढ अशी की एक पाय उचलला की दुसरा घसरायचा. पाण्यावर शेवाळ आणि पानं वाहत येत होती, सकाळी एकही नव्हतं. काठी रोवत रोवत तिरका आलो, शेवटच्या दोन पावलांना अण्णांनी हात दिला. पंच्याहत्तरीचा माणूस, चपला घालून गुडघाभर गार पाण्यात उतरला होता.

त्यांना कळलं कसं? सकाळी बसल्या बसल्या त्यांनी पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवला होता. कोयनाकाठची सवय. दगड अर्धा भिजला तेव्हा ते उठून उभे राहिले, पूर्ण बुडाला तेव्हा हाक मारली. धरणावरचा भोंगा धरणाजवळच ऐकू येतो, इतक्या खाली आम्हाला कोण सांगणार होतं? अर्ध्या तासात त्यांची खुर्ची होती तिथे पाणी होतं. माझे हात बराच वेळ थरथरत होते, अण्णा मात्र काही बोलले नाहीत, थर्मासमधला उरलेला चहा मला दिला.

दुसऱ्या दिवशी बोट. गाईडसकट दिवसाचे 500 डॉलर, अण्णांना आकडा सांगितला नाही. इथली बोट लांबलचक, चपट्या तळाची. पाणी भरपूर होतं आणि मोठा ब्राउन ट्राउट हवा असेल तर तेच बरं, कारण पाणी चढलं की काठावरची झुडपं बुडतात, छोटे मासे तिथे जातात आणि त्यांच्यामागे हा येतो. बारीक किड्यांचं काम संपतं, जाड रॉड, बुडणारी दोरी, बोटभर लांबीचा खोटा मासा, काठाला टाकायचा आणि झटके देत ओढायचा. दिवसभर तेच, खांदा भरून येतो.

मधे अण्णांनी विचारलं, "ह्यो मासा हितलाच का?" नाही, ब्राउन मूळचा युरोपातला. इथले मूळचे स्मॉलमाउथ बास धरणाचं गार पाणी सोसेना म्हणून या पट्ट्यातून गेले, मग ट्राउट आणून सोडले. अण्णा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. त्यांचं आजोळ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलंय. म्हणाले, "मंजी मासं बी धरणग्रस्तच की रं."

चारच्या पुढे एका पडलेल्या झाडापाशी दोरी थांबली आणि मग जिवंत झाली. 26 इंच! पिवळसर सोनेरी अंग, त्यावर काळे ठिपके आणि मधेमधे लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. गाईडने जाळी पाण्यातच धरली. मी अण्णांना म्हटलं हात ओला करा आधी, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. ते म्हणाले, "ठावं हाय मला." दोन्ही हातांनी त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, कल्ले उघडत-मिटत होते, मिनिटभर गेला असेल, मग शेपटीचा एक फटका आणि गेला खाली.

अण्णांनी हात तसेच पाण्यात ठेवले होते.