गोल दिसलं म्हणजे टेकाड नव्हे

"खिडकी उघडायच्या आधी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घाल," हेडफोनमधून मैत्रिणीचा आवाज आला. तिचं बरोबरच होतं. खिडकी उघडली आणि वाऱ्याने डोळ्यांतून पाणी काढलं.

२०१८च्या जुलैची सुरुवात. दक्षिण इंग्लंडातल्या विल्टशायरमध्ये कित्येक दिवस पाऊस नव्हता. शेतकरी वैतागलेले, हवाई पाहणीवाले मात्र खुशीत! हवेतून काढलेल्या फोटोंवरून पुरातत्त्वीय नकाशे बनवणं हे मैत्रिणीचं काम. सेसना १७२ विमानात एक जागा रिकामी होती आणि मी आयतीच तिच्याकडे पाहुणी होते.

स्टोनहेंजच्या दक्षिणेला नॉर्मंटन डाउनवरची दफनटेकाडं, म्हणजे मृतांवर रचलेली मातीची प्राचीन टेकाडं, मलाही ओळखू आली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येकाची लांब सावली पडली होती. त्यांतल्याच बुश बॅरोमध्ये १८०८ साली उत्खनन करणाऱ्या विल्यम कनिंग्टनला सोन्याचा कोरीव पत्रा मिळाला. पण मैत्रिणीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला हवी होती नांगराने पार सपाट केलेली टेकाडं.

आता सपाट झालेलं दिसणार कसं? तर कांस्ययुगात टेकाड रचायला भोवतीच गोल चर खणून माती काढत. पुढे टेकाड गेलं, चर बुजला, पण इथल्या खडूच्या खडकात तो खोलगट राहिला. तिथे माती जास्त, म्हणून ओलही जास्त. कोरड्या उन्हाळ्यात भोवतालचं पीक पिवळं पडतं आणि चरावरचं मात्र आणखी काही दिवस हिरवं राहतं. ते काही दिवस गाठायचे!

आणि ते दिसलं. पिवळ्या बार्लीत हिरवं कडं, बांगडी ठेवून गिरवल्यासारखं. पायलटने विमान कलतं करून घिरट्या घातल्या. माझं पोट कुठे गेलं ते विचारू नका. कड्याच्या बाजूने दोन समांतर हिरव्या रेघा येत होत्या. जुनी वाट, दोन्ही अंगांना चर. मैत्रीण ओरडली, "अगं, वाकली बघ!" खरंच, सरळ येणारी वाट कड्यापाशी वळसा घेऊन पुढे गेली होती. म्हणजे वाट पडली तेव्हा टेकाड उभं असणार. एका वळणावरून आधी कोण, नंतर कोण हे कळतं, याचंच मला अप्रूप वाटलं.

मग मलाही चेव आला. कुरणात मी एक गडद वर्तुळ शोधलं. ती हसली. "गुरांच्या चाऱ्याचं लोखंडी कडं असतं ना, ते ठेवलं होतं तिथे."

वाटा आकाशातून शोधायचं हे वेड शंभर वर्षांचं आहे. हवाई दलाने १९२१मध्ये काढलेले फोटो ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे बनवणाऱ्या सरकारी संस्थेच्या ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२३मध्ये पाहिले आणि स्टोनहेंजहून निघणाऱ्या अ‍ॅव्हेन्यू या प्राचीन वाटेचा हरवलेला भाग शोधला. त्याच सप्टेंबरात खणून खातरजमाही केली. खणायलाच हवं. स्टोनहेंजजवळच्या एका जागेला लोक नांगरलेलं दफनटेकाडच समजत होते. १९२५मध्ये वैमानिक गिल्बर्ट इन्सॉलला वरून तिथे वेगळंच काही दिसलं, आणि उत्खननात लाकडी खांबांच्या खड्ड्यांची सहा कडी निघाली. तेच वुडहेंज.

रात्री मैत्रिणीने नोंद केली: "बहुधा दफनटेकाड, बहुधा जुनी वाट." त्या दोन 'बहुधा'वरून मी तिच्याशी जेवणभर भांडले. तिने एकही खोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर गेलो. कडं नाही, रेघा नाहीत, नुसती मांडीपर्यंतची बार्ली. ती जीपीएस बघत चालत होती. एका जागी थांबून म्हणाली, "हं, आता तू चरात उभी आहेस."

मी दोन्ही हातांनी कणसं चाचपली. उजवीकडची जरा ओलसर लागली, की मला तशी लागावीत असं वाटत होतं, कोण जाणे.