तुम्ही विचारलंत म्हणून: हनुवटी आपोआप सरळ होते का?

"तोंड मिटताना पोरीची हनुवटी एका बाजूला जाते. पक्के दात आले की हुतंय की ओ सरळ आपोआप?" सोलापुरात लहान मुलांचे दात तपासताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि मागून आजी म्हणते, "होईल गं, लहान आहे अजून." आजीचा शब्द मोडायला जिवावर येतं. पण या बाबतीत वाट बघत बसू नका, असंच मी सांगते.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून हळूहळू तोंड उघडा. खालच्या जबड्याचं टोक आधी जागच्या जागी फिरतं आणि मग पुढे घसरतं, ते बोटाला कळतं. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतील एवढं. हा जबडा कुठवर जाऊ शकतो, याच्या सीमा स्वीडनचे दंतसंशोधक उल्फ पॉसेल्ट यांनी 1952 मध्ये आखून दाखवल्या. त्यातल्या बाकीच्या सीमा सांधा आणि त्याचे बंध ठरवतात, वरची सीमा मात्र दात ठरवतात. तोंड मिटताना शेवटचा शब्द दातांचा असतो, आणि मुलांची हनुवटी सरकते ती इथेच.

तपासताना मी मुलासमोर बसते. "सावकाश मीट, दाताला दात लागला की थांब." त्या क्षणी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधल्या रेषा बऱ्याचदा एकाखाली एक असतात. मग म्हणते, "आता नीट चाव." आणि डोळ्यांदेखत खालचा जबडा बाजूला सरकतो. वरचा जबडा अरुंद असला की सुळ्यांची टोकं आधी एकमेकांवर आदळतात. तसं चावता येत नाही, म्हणून मूल जबडा सरकवून सोयीची जागा शोधतं. अशा वेळी हाड अजून वाकडं नसतं, सरकायची सवय लागलेली असते. पण वाढत्या वयात वर्षानुवर्षं तसंच सरकत राहिलं तर दोन्ही बाजूंची वाढ सारखी राहत नाही. मला घाई आहे ती यासाठी.

उपाय ऐकून घाबरायला होतं, पण तसं काही नसतं. कधी दुधाच्या सुळ्याचं टोक किंचित घासलं तरी भागतं. नाहीतर टाळूला स्क्रूची प्लेट लावायची आणि सांगितलेल्या दिवशी घरीच किल्लीने थोडी फिरवायची. लहान वयात टाळूच्या मधला सांधा जुळून पक्का झालेला नसतो, म्हणून वरचा जबडा रुंद करता येतो. मोठेपणी हेच काम अवघड होऊन बसतं.

तोंड पूर्ण उघडतानाही हनुवटी वळत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी आधी विचारते, लहानपणी हनुवटीवर पडली होती का? सांध्याला मार बसला असेल तर पुढचा तपास त्या दिशेने करावा लागतो.

आता दातांच्या जडणघडणीविषयी, कारण आया स्वतःला दोष देतात ते इथे. अक्कलदाढा सोडल्या, तर न येणाऱ्या दातांमध्ये खालची दुसरी उपदाढ (सुळा आणि दाढांच्या मधल्या दोन दातांपैकी मागचा) आणि वरच्या मधल्या दातांशेजारचा दात हे नेहमीचे. कधी तो शेजारचा दात येतो, पण खुंटीएवढा बारीक. कधी उलटं होतं, वरच्या दोन दातांच्या मध्ये एक जादा टोकदार दात हाडात लपून बसतो आणि पक्क्या दाताची वाट अडवतो. यातलं बरंच जनुकांतून येतं. घरात विचारलं की एखादी आत्या किंवा आजोबा निघतातच. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून कुणाचा दात नाहीसा होत नाही. हे मी सासूबाईंसमोर मुद्दाम मोठ्याने सांगते.

आठ ते अकराव्या वर्षांत वरच्या दातांत दिसणारी फट मात्र बऱ्याचदा सुळे आले की मिटते. ती बंद करायची घाई नको, फक्त मध्ये जादा दात नाही एवढी खात्री एक्स-रे काढून करून घ्या.

घरी काय बघायचं? कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना मूल कायम एकाच बाजूने चावतं का, ते बघा. मग मोबाइल चेहऱ्यासमोर सरळ धरा, सावकाश तोंड मिटायला सांगा आणि पहिला दात टेकल्यापासून पूर्ण चावेपर्यंतचा व्हिडिओ काढा. सात वर्षांच्या आसपास तो घेऊन दातांच्या डॉक्टरकडे जा. आधीच सरकताना दिसलं तर सातव्या वर्षापर्यंतही थांबू नका.