नावाआधीचे ‘डॉ.’ आणि ईशज्ञानातील पदव्या

काही महिन्यांपूर्वी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्मरणिकेसाठी एका निवृत्त पाळकांचा परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. हाती आलेल्या कच्च्या मजकुरात त्यांच्या नावाआधी ‘रेव्ह. डॉ.’ असे लिहिलेले होते आणि सोबत पदवीच्या प्रमाणपत्राची छायाप्रत जोडलेली होती. त्यावर सोनेरी शिक्का होता, वळणदार अक्षरांत ‘डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी’ असे छापलेले होते. परंतु ही पदवी मानद आहे की अभ्यास करून मिळवलेली, प्रबंधाचा विषय कोणता, परीक्षक कोण होते, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की ठरावीक रक्कम भरणाऱ्या कोणालाही ती संस्था असे प्रमाणपत्र टपालाने पाठवते. या पाळकांची सेवा मी जवळून पाहिली आहे. त्यांनी कोणाला फसवलेले नाही, त्यांचीच फसवणूक झाली आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही नावाआधीच्या त्या ‘डॉ.’चे काय करावे, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले.

‘डॉक्टर’ हा शब्द ‘शिकवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. मध्ययुगीन विद्यापीठांत ईशज्ञानाची, म्हणजे थिऑलॉजीची, सर्वोच्च पदवी म्हणजे जाहीरपणे शिकवण्याचा परवाना होता आणि तो सहजासहजी मिळत नसे. पॅरिस विद्यापीठाच्या 1215 च्या नियमांनुसार ईशज्ञानाची व्याख्याने देणाऱ्याचे वय किमान 35 असावे लागे आणि त्याआधी त्याने निदान आठ वर्षे त्या विषयाचे अध्ययन केलेले असावे लागे. प्रसिद्ध मध्ययुगीन ईशज्ञानी थॉमस अक्वायनस यांना 1256 मध्ये तेथे ‘मॅजिस्टर’ (अधिकृत अध्यापक) करण्यात आले तेव्हा त्यांनी ही वयोमर्यादा गाठलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी नियमातून सूट घ्यावी लागली होती.

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांचा पदवीदान समारंभ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर 1512 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, ते जर्मनीतील विटेनबर्ग येथे ईशज्ञानाचे डॉक्टर झाले. पदवीचे शुल्क त्यांच्या प्रदेशाचे शासक, सॅक्सनीचे इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मत असलेले राज्यकर्ते) फ्रेडरिक यांनी भरले. त्या काळच्या रीतीप्रमाणे उमेदवाराला आधी मिटलेले आणि मग उघडलेले पवित्र शास्त्र (बायबल) दिले जाई, डोक्यावर डॉक्टरची टोपी ठेवली जाई, बोटात अंगठी घातली जाई आणि त्याच्याकडून शपथ घेतली जाई. पुढे ‘तुम्हाला हे सारे शिकवण्याचा अधिकार कोणी दिला’ असा प्रश्न जेव्हा जेव्हा उभा राहिला, तेव्हा ल्यूथर यांनी याच शपथेकडे बोट दाखवले. मी पवित्र शास्त्राचा डॉक्टर आहे, ते प्रामाणिकपणे शिकवण्यास बांधलेला आहे, आणि हे काम मी स्वतःहून मागून घेतलेले नाही, अशी त्यांची भूमिका होती. पदवीकडे त्यांनी गळ्यात पडलेली जबाबदारी म्हणून पाहिले, आणि मला वाटते की या पदवीचा मूळ अर्थ तोच आहे.

आज या जबाबदारीची वाट अनेक पायऱ्यांची झाली आहे. प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयांत, साधारणतः बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) किंवा एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी), त्यानंतर एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) आणि शेवटी डी.टीएच. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी) किंवा पीएच.डी. असा क्रम असतो. डी.मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) हीसुद्धा डॉक्टरेटच आहे, परंतु ती सेवेत असलेल्या पाळकांसाठी असून तिचा प्रबंध प्रत्यक्ष सेवाकार्यातील एखाद्या प्रश्नावर बेतलेला असतो. तिला कमी लेखणारे लोक भेटतात आणि ते मला पटत नाही. कॅथलिक परंपरेत परमपीठाच्या (पोपच्या कारभाराच्या) मान्यतेने चालणाऱ्या विद्याशाखांत बॅकलॉरिएट, लायसेन्शिएट आणि डॉक्टरेट अशी तीन आवर्तने असतात. त्यांतील मधली पायरी नावावरूनच सांगते की ती अध्यापनाचा परवाना आहे.

या पायऱ्या चढताना माणसाला काय करावे लागते, ते मी माझ्या गुरुजींच्या प्रबंधात पाहिले. त्यांनी तो टंकलेखन यंत्रावर उतरवून घेतला होता, आणि त्या यंत्रावर ग्रीक अक्षरे नसल्यामुळे प्रत्येक ग्रीक शब्दापुरती जागा कोरी सोडून नंतर ती अक्षरे काळ्या शाईने हाताने भरली होती. प्रती चार होत्या, म्हणून प्रत्येक शब्द चार वेळा लिहावा लागला होता. एका पानावर, बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्रातील ‘नीतिमत्त्व’ या एका शब्दाच्या चर्चेत, शाईचा एक थेंब समासात ओघळला होता आणि तो त्यांनी ब्लेडने हलकेच खरवडून काढला होता. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमका त्याच पानावर त्यांना पाऊण तास अडवून धरले, असे ते सांगत असत. पदवी म्हटली की मला ते पान आठवते.

डी.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी, या पदवीचा घोटाळा मात्र तिच्या दुहेरी इतिहासातून आला आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे डी.डी. ही पीएच.डी.च्याही वरची पदवी असून ती दीर्घकाळच्या प्रकाशित संशोधनाच्या बळावर दिली जाते. अमेरिकेत मात्र हीच दोन अक्षरे जवळजवळ नेहमी मानद पदवीसाठी वापरली जातात. इंग्लंडमध्ये आणखी एक प्रकार आहे: 1533 च्या कायद्यामुळे कँटरबरीच्या आर्चबिशपांना (इंग्लंडच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंना) स्वतःच्या अधिकारात पदव्या देता येतात आणि त्यांना लॅम्बेथ पदव्या म्हणतात. त्यामुळे नुसते ‘डी.डी.’ वाचून त्यामागे काय आहे हे कळत नाही, आणि प्रमाणपत्रे विकणाऱ्यांना हीच संदिग्धता हवी असते.

मानद पदवीविषयी माझ्या मनात मुळीच अढी नाही. भारतात काम केलेले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी हे व्यवसायाने चांभार होते आणि विद्यापीठात कधी शिकलेले नव्हते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने 1807 मध्ये त्यांना डी.डी. दिली तेव्हा त्यांचा बंगाली नवा करार छापून सहा वर्षे झाली होती आणि त्यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये बाहेर पडलेले होते. स्विस ईशज्ञानी कार्ल बार्थ यांनी डॉक्टरेटचा प्रबंध कधी लिहिलाच नाही. स्वित्झर्लंडमधील साफेनविल या गावात पाळक असताना त्यांनी रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिले, त्या भाष्यामुळे त्यांना जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे प्राध्यापकपद मिळाले आणि 1922 मध्ये म्युन्स्टर विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. या दोघांच्या बाबतीत काम आधी झाले आणि ज्यांना त्या कामाची पारख होती त्यांनी नंतर ते मान्य केले. पदवीसाठी अर्ज, शुल्क किंवा शिफारसपत्रे यांचा प्रश्नच आला नाही.

याच्या उलट, सर्व पात्रता असूनही नकार मिळाल्याचे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीने इटलीतील पदुआ येथे ईशज्ञानाच्या डॉक्टरेटसाठी अर्ज केला, तेव्हा स्त्रीला ही पदवी देता येणार नाही असे सांगून तेथील बिशप, कार्डिनल बार्बारिगो, यांनी तो अडवला. अखेर 25 जून 1678 रोजी तिला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. डॉक्टर म्हणजे शिक्षक, आणि स्त्रीने चर्चमध्ये शिकवायचे नाही, असा तो हिशोब होता. त्या निर्णयातला अन्याय उघड आहे. पण पदवी म्हणजे शिकवण्याचा अधिकार, हे नाकारणाऱ्यांनाही किती स्पष्ट ठाऊक होते, तेही त्यातून दिसते.

मानद पदवी स्वीकारणाऱ्याने ती नावाआधी लावू नये, असा सभ्य संकेत अनेक विद्यापीठे पाळायला सांगतात. तो मला योग्य वाटतो, कारण व्यासपीठावरून ‘डॉक्टर’ अशी ओळख करून दिली की समोरचा भाविक त्या माणसाच्या शास्त्रार्थावर अधिक विश्वास ठेवतो. एखाद्या वचनाचा मूळ भाषेत अमुक अर्थ आहे असे त्याने सांगितले, तर भाविक ते मान्य करून घरी जातो, आणि तपासून पाहण्याचे साधन त्याच्याकडे नसते. विकत घेतलेली पदवी या विश्वासालाच हात घालते.

शेवटी मी त्या पाळकांना भेटायला गेलो आणि जे कळले होते ते त्यांना स्पष्ट सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “माझी बी.डी. तरी खरी आहे ना?” ती खरी होती, तीन वर्षे सेमिनरीत राहून, हिब्रूच्या परीक्षेत एकदा नापास होऊन आणि पुन्हा बसून त्यांनी ती मिळवली होती. स्मरणिकेत त्यांचे नाव ‘रेव्हरंड’ या उपाधीने छापले आहे आणि त्यापुढे बी.डी. लिहिले आहे. हिब्रूच्या दुसऱ्या परीक्षेची हकिकतही आम्ही त्यांच्या संमतीने परिचयात घेतली आहे.