कॅम नदीवरची पकडापकडी

केंब्रिजच्या बोटींच्या रेसचा व्हिडिओ कुठेय व्हिडिओ कुठेय म्हणून आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातले सगळे मागे लागलेत, म्हणून आधी लिहूनच टाकतो.

जूनमध्ये केंब्रिजला भाचीकडे गेलो होतो. ती कॉलेजच्या बोटीत कॉक्स आहे, म्हणजे आठ जण वल्ही मारतात आणि ही शेवटी बसून सुकाणू सांभाळते आणि ओरडते. ओरडायचं काम हिलाच का दिलं असेल ते आमच्या वाड्यात कुणालाही विचारा. रेसचं नाव मे बम्प्स, होते मात्र जूनमध्ये. का, तर "मामा, असंच आहे."

मला वाटलेलं दोन बोटी शेजारी शेजारी पळतील. पण कॅम नदी बघितली आणि म्हटलं अगं ही तर आपली विश्वामित्री, तशीच अरुंद, तशीच वाकडीतिकडी, फक्त मगरींच्या जागी हंस. शेजारी दोन बोटी वल्ह्यांसकट मावायच्याच नाहीत. म्हणून १८२७ पासून तिथे पकडापकडी चालते. सतराएक बोटी एकामागे एक लावतात, मधे दीड बोटीएवढी जागा. चार मिनिटं राहिली की एक तोफ, एक मिनिट राहिलं की दुसरी, तिसरी झाली की सगळ्या एकदम सुटतात. पुढच्या बोटीला नुसतं टेकलात तरी बम्प, मार खाल्लेल्या बोटीचा कॉक्स हात वर करतो, दोघी काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलून सुटतात. बुधवार ते शनिवार असं चार दिवस. आणि शनिवारी जिथे संपवलं तिथूनच पुढच्या वर्षीची सुरुवात, म्हणजे सीनियर लोकांनी घालवलेली जागा नवीन पोरांनी भरून काढायची, अगदी वडिलोपार्जित कर्जासारखं.

पण मला खरी गंमत वाटली ती वेगळीच. वल्हवणारे आठही जण उलटे बसलेले, त्यांना पाठलाग करणारी बोट नाकासमोर दिसते, आपण कुणाला पकडतोय ते दिसतच नाही! ते फक्त कॉक्सला दिसतं, आणि तिला मागचं काही कळत नाही. मग काठावरून सायकलवर पळणारा कोच शिट्ट्या मारतो, पुढची बोट जवळ आली की शिट्ट्या वाढतात.

शुक्रवारी मी डिटन कॉर्नरला उभा होतो, गवतात चादरी टाकून लोक पीत बसलेले, मी थर्मासमधला चहा. तिथे नदी चांगलीच वळते, कॉक्स चुकला की बोट थेट काठात, त्यामुळे सगळे त्याच आशेने बसतात असं मला वाटलं. पुढची बोट वळणावर बाहेर फेकली गेली, आमच्या बाईने आतून कापलं, शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ, आणि टेकली! मी "हाण गं, हाण!" ओरडलो तर शेजारचे गोरे आजोबा दचकले, मग तेही काहीतरी ओरडले.

जिंकलेले काठावरच्या विलोच्या फांद्या तोडून डोक्यात खोचतात आणि तशाच बोट वल्हवत घरी जातात. भाची पुढून गेली तेव्हा झाडच चाललंय असं वाटलं. चारही दिवस बम्प मारले तर वल्हं मिळतं, चारही दिवस मार खाल्ला तर चमचा. हिला दोन्ही नाही, बुधवारी मार खाल्लेला.

आणि हो, व्हिडिओ. आहे, वीस सेकंदांचा. सगळं गवत दिसतंय, मधे माझा एक बूट, आणि आवाज माझाच. आईने तरी तो चार वेळा बघितला.