सुतारदादा नेमके कोणत्या रकान्यात? मान्यता नूतनीकरणाचा माझा अनुभव

छोटी शाळा चालवणाऱ्यांना एकच सांगते, मान्यता नूतनीकरणाची फाइल करायला घेतली की आधी शिक्षक माहितीचा तक्ता हातात घ्या, बाकी सगळं नंतर. आम्ही तो शेवटी ठेवला होता कारण वाटलं यात काय आहे, माणसं तर आपलीच आहेत, नावं लिहायची आणि सह्या घ्यायच्या. इमारतीचा दाखला, रॅम्प, स्वच्छतागृहं, ऑडिट, ट्रस्टचे कागद हे सगळं मुकाट्याने झालं. अडकलो ते माणसांवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरटीईच्या म्हणजे शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, आणि आपल्याकडे दर 3 वर्षांनी नमुना 1 म्हणजे स्वयंघोषणापत्र भरायचं, तपासणी व्हायची, मग नमुना 2 म्हणजे मान्यतेचं प्रमाणपत्र हातात येतं. आमची शाळा मराठी माध्यमाची, पहिली ते आठवी, विनाअनुदानित, तालुक्याच्या गावाबाहेर. एका वर्गात वीस-बावीस पोरं. मी तिथे ऑफिस बघते, आधी एका कंपनीत अकाउंट्सला होते, माझा मुलगा याच शाळेत शिकला आणि तो बाहेर पडला तरी मी राहिले.

आता आमची माणसं सांगते म्हणजे घोळ कळेल. पहिली-दुसरीच्या ताई डी.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका केलेल्या, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही पास, तिथे प्रश्नच नाही. त्या अख्खी बाराखडी एकदम शिकवत नाहीत, चार-पाच अक्षरं आणि एखादा काना घेतात आणि तेवढ्यातूनच शब्द, वाक्यं करायला लावतात, त्यामुळे पोरं दिवाळीच्या आत काहीतरी अर्थाचं वाचायला लागतात. गणिताच्या ताई बँकेतून व्हीआरएस घेऊन आल्या, बी.एस्सी. आहेत, शाळेत शिकवत असतानाच एनआयओएसचा, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाचा डी.एल.एड. (डी.एड.चंच नवं नाव) केला. त्यांचा नियम असा की चुकीचं उत्तर फळ्यावरून पुसायचं नाही, ज्याने काढलं त्याने कसं काढलं ते सगळ्यांना सांगायचं. विज्ञानाचे दादा भूगर्भशास्त्रात एम.एस्सी., भूजल सर्वेक्षणाची कामं केलेले, दर महिन्याला पोरांना घेऊन गावातल्या विहिरींची पाण्याची पातळी दोरी सोडून मोजतात आणि आलेख काढायला लावतात. बी.एड. नाही. आणि सुतारदादा. नववीपर्यंत शाळा, पुढे तीस-एक वर्षं रंधा. आठवड्यातून दोन दिवस येतात आणि खरं सांगू का, आमच्या पाचवीला अपूर्णांक त्यांनी शिकवलाय. इंचात 8 सूत, मग पाऊण इंच म्हणजे किती सूत? 6. अर्धा आणि पाव मिळून किती? पट्टी लावून बघ. फळी कापायची असली की पोराला उत्तर खरं काढावंच लागतं, नाहीतर स्टूल डुगडुगतं.

शिवाय एक निवृत्त जिल्हा परिषदेचे सर, ज्यांनी आयुष्यभर दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र सांभाळले. त्यांना मी विचारलं, सर तुमचं शिकवण्यामागचं तत्त्व काय लिहू, तर म्हणाले, "लिही, सर वर्गात वेळेवर जातात." बाकी लिहून दिलं नाही.

तर हा तक्ता. रकाने असे: नाव, शैक्षणिक अर्हता, व्यावसायिक अर्हता, टीईटी, नियुक्ती दिनांक. एनसीटीईच्या (शिक्षकांची पात्रता ठरवणारी केंद्राची परिषद) 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेप्रमाणे पहिली ते पाचवीला बारावी आणि डी.एल.एड., सहावी ते आठवीला पदवी आणि डी.एल.एड. किंवा बी.एड., वर टीईटी. मला नियमावर राग नाहीये, उद्या कोणीही उठून शाळा काढेल आणि कोणालाही वर्गावर उभा करेल, ते कुणाला हवंय. राग आहे तो शिक्षण विभागाच्या ऑफिसातल्या टेबलाचा.

पहिल्या वेळी भाऊसाहेब म्हणाले, ज्यांना व्यावसायिक अर्हता नाही त्यांची नावं काढून टाका, कशाला नसतं लफडं. काढली. पुढच्या वेळी त्याच टेबलावर दुसरे होते, ते म्हणाले यू-डायसला (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) एवढे शिक्षक दाखवलेत आणि तक्त्यात कमी कसे, आकडा जुळला पाहिजे. परत घातली. मग म्हणे सुतार कसा शिक्षक? परत काढा. बरं काढलं, तर तिसरा माणूस म्हणतो जो जो वर्गात जातो त्याची पोलीस चारित्र्य पडताळणी लागते, 2024 मध्ये बदलापूरची घटना झाल्यापासून ते कडक आहे (आणि ते बरोबरच आहे), मग तुमचा सुतार वर्गात जातो का नाही जात? जातो म्हटलं तर तो शिक्षक, नाही म्हटलं तर खोटं. मी तिथल्या बाकावर बसून तोच तक्ता इतक्यांदा टाईप करून आणला की झेरॉक्सवाला विचारायला लागला, मॅडम आज कोणाला काढायचं?

आणि मधेच साहेब मीटिंगला, साहेब जिल्ह्याला, निवडणुकीचं काम, पोर्टल बंद. जेवणाच्या सुट्टीनंतर जाऊ नका, हे आधीच सांगायला हवं होतं. अकराला जा.

गणिताच्या ताईंवर वेगळीच खोट काढली, एनआयओएसचा कोर्स अठरा महिन्यांचा आहे, दोन वर्षांचा नाही, चालत नाही. अहो पण तो कोर्स काढलाच होता आधीपासून नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी, केंद्राने 31 मार्च 2019 ची मुदत दिली होती म्हणून, आणि ताईंचं नियुक्तीपत्र त्याच्या कितीतरी आधीचं. ते नियुक्तीपत्र आणि त्या वेळचा हजेरीपट जोडला तेव्हा गप्प बसले. तुमच्याकडे असे कोणी असतील तर जुने मस्टर रद्दीत घालू नका. प्लीज.

विज्ञानदादांचं मात्र खरंच अवघड होतं. लोक पटकन म्हणतात मुक्त विद्यापीठातून बी.एड. करून टाका. होत नाही. दूरशिक्षणातला बी.एड. आधीच प्रशिक्षित असलेल्यांना मिळतो, म्हणजे ज्याच्याकडे डी.एड. नाही त्याला रोज कॉलेजला जाऊन दोन वर्षांचा करावा लागतो. चाळिशीतला माणूस, घर आहे, शाळा आहे. तो तरी काय करणार.

वाट कुठे सापडली तर कायद्याच्याच परिशिष्टात. तिथे सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक म्हणजे अर्धवेळ शिकवणारे अशी सोय स्वतंत्र लिहिलेली आहे. सहावी ते आठवीत मिळून शंभराच्या वर मुलं असतील तर ते बंधनकारक, पण आमच्यासारख्या छोट्या शाळेने ठेवू नयेत असं कुठेच म्हटलेलं नाही. यू-डायसमध्येही नियुक्तीचा प्रकार विचारतात, त्यात अतिथी किंवा अर्धवेळ असा पर्याय आहे, आणि व्यावसायिक अर्हतेत 'काहीही नाही' पण आहे, म्हणजे सरकारला अशी माणसं असतात हे ठाऊक आहे, फक्त टेबलाला नाही. मग आम्ही तक्ते दोन केले. एकात वर्गशिक्षक, दुसऱ्यात अंशकालीन. सुतारदादा कार्यशिक्षणात. विज्ञानाच्या तासाला कागदावर गणिताच्या ताई जबाबदार, दादा विहीर-पाणी-परिसर असं करून दुसऱ्या तक्त्यात. मनाला पटलं नाही माझ्या, सगळ्यात जास्त शिकलेला माणूस दुय्यम यादीत. दादांना काही नाही, ते म्हणाले माझं नाव विहिरीला माहीत आहे.

पोलीस पडताळणीचं म्हणाल तर ऑनलाइन अर्ज होतो, पण सुतारदादांच्या आधारवर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. आधी आधार दुरुस्त, मग अर्ज. यू-डायसलाही आधारशी नाव तंतोतंत जुळावं लागतं. हे जूनमध्येच करून ठेवा, आम्ही ऐन पावसात त्यांना घेऊन फिरलो.

आणि हो, प्रत्येक शिक्षकाची माहिती, आधी काय करत होते, वर्गात काय करतात, का करतात, अशी एकेक पॅरा लिहिलेली पानं मी हौसेने फाइलला जोडली होती. पालकांसाठीच केली होती खरं तर, पालकसभेत वाटली तेव्हा लोकांनी नीट वाचली, एका बापाने सुतारदादांना घरी बोलावून पोराबरोबर कपाट दुरुस्त करून घेतलं. टेबलावर ती पानं टॅगमधून काढून माझ्या हातात परत दिली, "हे कथाकथन नको."

तपासणीला विस्तार अधिकारी मॅडम आल्या. पाचवीच्या फळ्यावर एकाच गणिताची तीन उत्तरं होती. मॅडम म्हणाल्या, यातली दोन चूक आहेत, पुसली नाहीत? ताई म्हणाल्या, पोरांचं अजून ठरलं नाही मॅडम, उद्या ठरेल. मॅडम मागच्या बाकावर बसल्या, बराच वेळ बसल्या, एका मुलीला विचारलं तुझं कोणतं, तिने चुकीचं दाखवलं आणि ते कसं काढलं ते पाच मिनिटं ऐकवलं. जाताना मॅडमनी त्या पॅरावाल्या पानांचा एक संच मागून घेतला. मला काय आनंद झाला सांगू. शेरेबुकात मात्र लिहिलं, "फलकलेखनात सुधारणा आवश्यक."

नमुना 2 आलाय. पुढच्या नूतनीकरणाला आता टीईटीवरून प्रश्न येणार, कारण सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सेवेतल्यांनाही दोन वर्षांत टीईटी काढायला सांगितलीय, निवृत्तीला पाच वर्षांच्या आत असलेले सोडून. गणिताच्या ताईंनी अभ्यास सुरू केलाय, पहिलीच्या ताई त्यांना बालमानसशास्त्राच्या नोट्स देतात. टीईटीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, जुनं सात वर्षांचं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. आणि दोन तक्त्यांचा नमुना हवा असेल तर मागा, देते, फक्त त्यातलं सुताराचं नाव बदला म्हणजे झालं.